नेटवर्कवरून आलेला संगणक नेटवर्क विसरतो तेव्हा

१९ जुलै २०२४, शुक्रवार. त्या दिवशी भारतातल्या अनेक विमानतळांवर प्रवाशांच्या हाती पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास पडले आणि त्यांची छायाचित्रे दिवसभर सर्वत्र फिरत राहिली. क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीकडून गेलेल्या एका सदोष फाइलमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर येऊन थबकले होते. भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी ती फाइल बाहेर पडली आणि ७८ मिनिटांत कंपनीने ती मागेही घेतली. तरीही दुरुस्तीला कित्येक दिवस लागले. कारण साधे होते. दुरुस्त फाइल पोचण्यासाठी संगणक आधी सुरू व्हायला हवा होता, आणि सुरू होणे हीच तर त्याची अडचण होती. अखेर माणसे एकेका संगणकापाशी चालत गेली आणि त्यांनी हातांनी ती एक फाइल पुसली.

अशा वेळी संगणकाला त्याच्या स्वतःच्या डिस्कवर विसंबून चालत नाही. बाहेरून आणलेल्या एखाद्या लहानशा ऑपरेटिंग सिस्टिमने त्याला जागे करावे लागते. मायक्रोसॉफ्टने त्या आठवड्यात जे दुरुस्तीचे साधन उपलब्ध करून दिले, त्यातही पेन ड्राइव्हवरून सुरू होणारी अशीच एक छोटी प्रणाली होती. तिचे नाव विंडोज पीई. ती संगणकाच्या रॅममध्ये उतरते, तिथेच 'एक्स' नावाची एक आभासी डिस्क मांडते, नेमून दिलेले काम करते आणि संगणक बंद होताच मागे काही न ठेवता नाहीशी होते. सलग ७२ तास चालू राहिली तर ती स्वतःच संगणक पुन्हा सुरू करते, कारण तिच्यात कुणी मुक्काम करावा अशी तिची रचनाच नाही. इमारत उभी राहीपर्यंत तिच्याभोवती बांधलेल्या परांचीसारखे तिचे आयुष्य असते.

परांचीच डळमळू लागली तर काय करायचे, हा प्रश्न २०२५ च्या डिसेंबरात जबलपूरच्या एका महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत उभा राहिला आणि दोन आठवडे तिथेच ठाण मांडून बसला.

विंडोज १० चा अधिकृत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला होता. प्रयोगशाळेत ४० संगणक होते. त्यांपैकी १६ इतके जुने होते, की त्यांचे प्रोसेसर विंडोज ११ च्या मान्य यादीत बसत नव्हते. ते भंगारात काढण्याऐवजी त्यांच्यावर सी-डॅकने विकसित केलेली, डेबियन लिनक्सवर आधारलेली 'बॉस' ही भारतीय ऑपरेटिंग सिस्टिम घालण्याचे ठरले आणि ते काम विनातक्रार पार पडले. उरलेल्या २४ संगणकांवर विंडोज ११ बसवायची होती. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात प्रात्यक्षिक परीक्षा होती.

प्रयोगशाळेचा कारभार पाहणारी तंत्रसहायक मराठी घरातली होती. तिचे वडील जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीतून, म्हणजे १९०४ साली सुरू झालेल्या कारखान्यातून, फिटर म्हणून निवृत्त झालेले. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी आणि पडद्यावर इंग्रजी, अशा तीन भाषांत तिचा दिवस जाई. २४ संगणकांपाशी पेन ड्राइव्ह घेऊन आळीपाळीने बसण्यापेक्षा, एक संगणक मनाजोगा तयार करावा, त्याची इमेज सर्व्हरवर ठेवावी आणि बाकीच्यांनी ती नेटवर्कवरून उचलावी, अशी तिची योजना होती. त्यासाठी तिने विंडोज पीईची आपल्या गरजेप्रमाणे एक आवृत्ती बांधली. ती सुरू होताच आतली आज्ञावली सर्व्हरशी जोडणी करील, डिस्क साफ करून तिचे भाग पाडील, इमेज उतरवील आणि संगणक पुन्हा सुरू करील, इतके तिचे काम होते.

संगणक 'बूट' होतो, हा शब्द आला आहे तो स्वतःच्याच बुटांचे पट्टे ओढून स्वतःला वर उचलण्याच्या इंग्रजी वाक्प्रचारावरून. आपल्याकडे, कितीही तरबेज कसरतपटू झाला तरी त्याला स्वतःच्या खांद्यावर उभे राहता येत नाही, असे म्हणतात. संगणकापुढची अडचण नेमकी हीच आहे. डिस्कवरून प्रणाली वाचण्यासाठी डिस्क वाचता येणारी प्रणाली आधी असावी लागते. तिच्यावरचा तोडगा म्हणजे टप्पे पाडणे. मदरबोर्डवरच्या चिपमधले फर्मवेअर थोडेसेच जाणते. ते स्वतःहून किंचित अधिक जाणणारा कार्यक्रम शोधते आणि सूत्रे त्याच्याकडे देते. तो पुढच्याकडे देतो. प्रत्येक टप्प्यावर मागचा बाजूला होतो आणि पुढचा ताबा घेतो.

नेटवर्कवरून बूट करण्याच्या पद्धतीला पीएक्सई म्हणतात. तिचा प्रमाण ठरलेला २.१ हा आराखडा इंटेलने १९९९ साली प्रसिद्ध केला. तिच्यात फर्मवेअर सुरुवातीला नेटवर्कवर हाक देते, 'मला पत्ता कोण देईल?' सर्व्हर एक पत्ता देऊ करतो, संगणक तो मागतो, सर्व्हर मान्यता देतो. चार वाक्यांचा हा संवाद आटोपला की बूट होण्याजोग्या फाइली टीएफटीपी नावाच्या जुन्या पद्धतीने उतरू लागतात. त्या पद्धतीचा मूळ नियम असा, की एका वेळी ५१२ बाइट पाठवायचे आणि पोच मिळेपर्यंत थांबायचे. ४०० मेगाबाइटची फाइल या गतीने पाठवायची, तर ८ लाखांहून अधिक पोचपावत्या लागतील. म्हणून आता मोठे तुकडे वापरतात. भाबडी वाटणारी ही पद्धत फर्मवेअरच्या तुटपुंज्या बुद्धीला मात्र पेलते.

पहिल्या दिवशी तिने पहिल्या रांगेतला एक संगणक सुरू केला. पत्ता मिळाला. फाइली उतरल्या. विंडोज पीईचा काळा पडदा दिसला. आणि आज्ञावलीने पहिल्याच ओळीला जाहीर केले, की सर्व्हरकडे जाणारा मार्ग सापडत नाही.

शेजारी उभ्या असलेल्या विद्यार्थ्याने सुचवले, "मॅडम, केबल ढीली होगी."

केबल सैल असणे शक्य नव्हते. पडद्यावर दिसणारी अख्खी प्रणाली नुकतीच त्याच केबलमधून आली होती. संगणक नेटवर्कवरून आला आणि येताच नेटवर्क विसरला, हे कसे? हा प्रश्न तिने वहीत लिहिला. वही लागणारच होती, कारण विंडोज पीई रॅममध्ये जगते आणि तिच्या नोंदीही संगणक बंद होताच पुसल्या जातात. जे घडले ते त्याच क्षणी कागदावर उतरले नाही, तर ते घडलेच नव्हते असे होते.

उत्तर त्या टप्प्यांतच होते. फाइली उतरवताना नेटवर्क कार्डाशी फर्मवेअर बोलत होते आणि कार्डाची भाषा त्याला येत होती. विंडोजच्या गाभ्याने ताबा घेताच फर्मवेअरची ती सेवा संपली. आता कार्डाशी विंडोजला स्वतः बोलायचे होते, आणि त्यासाठी तिच्याजवळ त्या कार्डाचा ड्रायव्हर हवा होता. शिडीने वर पोचलेल्या माणसाखालची शिडी काढून घ्यावी आणि खाली उतरायला त्याने स्वतःची शिडी आणली असेल असे गृहीत धरावे, तसा हा प्रकार होता. हे संगणक विकत घेताना त्यांत जे नेटवर्क कार्ड होते, त्याचा ड्रायव्हर विंडोज पीईच्या मूळ संचात नव्हता.

हे अनुमान तिने तपासून पाहिले. संगणकाचा नेटवर्क पत्ता विचारणारी आज्ञा दिली, तेव्हा उत्तरात केवळ शीर्षक आले. त्याखाली एकही ओळ नव्हती. हा तपशील महत्त्वाचा आहे. ड्रायव्हर असून पत्ता मिळाला नसता, तर संगणकाने १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता स्वतःच स्वतःला देऊन दाखवला असता. तसा पत्ता म्हणजे 'मी हाक मारली, कुणी उत्तर दिले नाही.' रिकामे उत्तर म्हणजे 'मला तोंडच नाही.' दोन्ही ठिकाणी वापरणाऱ्याला दिसते ते एकच, नेटवर्क चालत नाही. पण दोन्हींचे उपाय सर्वस्वी वेगळे.

तिने विंडोज पीईची इमेज उघडली, निर्मात्याच्या संकेतस्थळावरून आणलेला ड्रायव्हर तिच्यात घातला, बदल कायम करून इमेज बंद केली. पुन्हा बूट केले. पुन्हा तेच शीर्षक आणि त्याखाली रिकामी जागा. तिने ड्रायव्हरची दुसरी आवृत्ती घातली, मग तिसरी. संध्याकाळ झाली. वहीत तीन ओळी वाढल्या आणि तिन्हींपुढे एकच शेरा होता.

रात्री जेवताना वडिलांनी विचारले, "काय गं, आज गप्प?"

"बाबा, तीन वेळा ड्रायव्हर घातला. काही फरकच पडत नाही."

"घातलास, ठीक. पण तो तिथे पोचला, हे कुणी पाहिलं?"

तिला ते वाक्य क्षणभर उद्धट वाटले. मग वडिलांनी स्वयंपाकघराच्या भिंतीकडे बोट केले. २२ मे १९९७ च्या पहाटे जबलपूरला जो भूकंप झाला, त्यात त्या भिंतीला भेग गेली होती. वडिलांनी तेव्हा भेगेवर आडवी एक बारीक काचेची पट्टी प्लास्टरने बसवली होती आणि शेजारी तारीख लिहिली होती. भेग वाढत असेल तर काच तडकेल. काच शाबूत असेल तर भेग जुनीच आहे. बांधकामातली ही जुनी रीत. भिंतीकडे रोज नुसते पाहून भेग वाढली की नाही ते कळत नाही. डोळ्याला रोज तेच दिसते. पट्टी अजून शाबूत होती. इतकी वर्षे तिने ती पाहिली होती आणि ती कशासाठी आहे, हे कधी विचारले नव्हते.

दुसऱ्या दिवशी तिने ड्रायव्हरला हातही लावला नाही. विंडोज पीई सुरू होताना चालणाऱ्या आज्ञावलीत तिने एकच ओळ वाढवली, जी पडद्यावर त्या दिवसाची तारीख आणि आवृत्तीचा क्रमांक लिहील. मग संगणक बूट केला. पडदा आला, तारीख आली नाही.

म्हणजे तीन वेळा केलेली दुरुस्ती तीन वेळा भलत्याच फाइलमध्ये झाली होती. सर्व्हरवर बूट इमेज दाखल करताना सर्व्हर तिची स्वतंत्र प्रत आपल्या कोठारात ठेवतो. ती आपल्या कामाच्या फोल्डरमधली फाइल बदलत राहिली आणि सर्व्हर संगणकांना कोठारातली जुनी प्रत देत राहिला. तिने नवी प्रत दाखल केली. तारीख उमटली, तिच्याखाली पत्ताही उमटला. पहिलाच ड्रायव्हर बरोबर होता.

दोन रांगांतले १६ संगणक त्याच दिवशी पार पडले. तिसऱ्या रांगेतले आठ मात्र अडले. त्यांचे उत्तर निराळे होते. तारीख उमटत होती आणि तिच्याखाली १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता. म्हणजे यांना तोंड होते, हाकही गेली होती. उत्तर आले नव्हते.

तिसऱ्या रांगेतले आठही संगणक नंतरच्या खरेदीतले, वेगळ्या बनावटीचे होते. साहजिकच संशय त्यांच्या बनावटीवर गेला. पण ती रांग वेगळ्या नेटवर्क स्विचलाही जोडलेली होती. दोन गोष्टी एकाच वेळी बदललेल्या असतील तर त्यांपैकी दोषी कोण, हे निरीक्षणाने सांगता येत नाही. त्यांना एकमेकींपासून सोडवावे लागते. तिने तिसऱ्या रांगेतला एक संगणक उचलून पहिल्या रांगेत लावला. तो निमूटपणे चालला. पहिल्या रांगेतला तिसऱ्या रांगेत नेला. तो अडला. दोष यंत्राचा नव्हता, जागेचा होता.

आणखी एक गोष्ट तिच्या वहीत आली. तिसऱ्या रांगेत आज्ञावली अपयशी ठरल्यावर तीच आज्ञा मिनिटभराने हातांनी दिली, तर जोडणी होत होती. आपोआप केले की अडते आणि हातांनी केले की चालते, असे दिसले, तर बहुधा प्रश्न वेळेचा असतो, कारण माणूस यंत्रापेक्षा सावकाश असतो.

नेटवर्कमध्ये तारा चुकून वर्तुळाकार जोडल्या गेल्या, तर संदेश त्या वर्तुळात अखंड फिरत राहून सारे नेटवर्क गुदमरून टाकतात. ते टाळण्यासाठी स्विच एक खबरदारी घेतो. एखाद्या पोर्टवर नवी जोडणी आली, की तो १५ सेकंद केवळ ऐकतो, पुढची १५ सेकंद कोण कुठे आहे ते शिकतो आणि मगच संदेश पुढे जाऊ देतो. फर्मवेअरकडून विंडोजकडे ताबा जाताना नेटवर्क कार्ड नव्याने सुरू होते. स्विचला वाटते, केबल काढून पुन्हा लावली. त्याची ३० सेकंदांची खबरदारी पुन्हा सुरू होते. तेवढ्यात विंडोज पीईची हाक हवेत विरते आणि आज्ञावली हार मानते. पहिल्या दोन रांगांच्या स्विचवर, एकेकट्या संगणकाला जोडलेल्या पोर्टसाठी ही वाट पाहणे बंद केलेले होते; तिसऱ्या रांगेच्या स्विचवर नव्हते. नेटवर्क सांभाळणाऱ्या सहकाऱ्याने ते केले. तिने आज्ञावलीतही दुरुस्ती केली. आता ती खरा पत्ता मिळेपर्यंत दर पाच सेकंदांनी विचारत राही आणि दोन मिनिटांनीच हार मानी.

एवढे झाल्यावर काम संपल्यासारखे वाटत होते. शनिवारची दुपार होती. तिसऱ्या रांगेतले आठ संगणक अंतिम वर्षाचे विद्यार्थी प्रकल्पासाठी वापरत. त्यांत प्रणालीसाठी ५१२ गिगाबाइटची वेगवान एनव्हीएमई डिस्क होती आणि विद्यार्थ्यांच्या कामासाठी १ टेराबाइटची दुसरी हार्ड डिस्क. दुसऱ्या डिस्कला हात लागणार नाही, अशी सूचना तिने स्वतःच्या सहीने फलकावर लावली होती.

नव्या बनावटीचा पहिला संगणक असेल, तर आज्ञावली न चालवता तिच्यातली प्रत्येक आज्ञा स्वतः टाइप करायची, असा तिचा शिरस्ता होता. तिने डिस्कांची यादी मागितली. एक डिस्क दिसली, क्रमांक शून्य. आधीच्या १६ संगणकांवरही एकच डिस्क आणि तिचा क्रमांक शून्य. तिने ती निवडली आणि साफ करण्याची आज्ञा दिली. आज्ञा यशस्वी झाल्याचे उत्तर आले. पुढची आज्ञा टाइप करण्यापूर्वी तिची नजर यादीतल्या आकाराच्या रकान्यावर गेली. तिथे ९३१ होते.

१ टेराबाइट म्हणजे निर्मात्याच्या हिशेबाने १ वर १२ शून्ये इतके बाइट. विंडोज तेच बाइट १०२४ च्या पटीत मोजते, म्हणून ते ९३१ गिगाबाइट दिसतात. ५१२ ची डिस्क ४७६ दिसते. पडद्यावर ४७६ कुठेच नव्हते. तिने जी पुसली ती विद्यार्थ्यांची डिस्क होती.

त्या नव्या संगणकांत एनव्हीएमई डिस्क थेट दिसत नाही. इंटेलच्या अलीकडच्या पिढ्यांत ती व्हीएमडी नावाच्या एका नियंत्रकाआड असते, आणि त्याचा ड्रायव्हर नसलेल्या विंडोज पीईला ती डिस्क अस्तित्वातच नाही. मग उरलेली एकमेव डिस्क शून्य क्रमांकावर येते. नेटवर्क कार्डाच्या वेळी ड्रायव्हर नव्हता तेव्हा काम अडले होते आणि त्यामुळे चूक कळली होती. इथेही ड्रायव्हरच नव्हता. पण काम अडले नाही, सुरळीत पुढे गेले.

तिने तत्क्षणी संगणक बंद केला. साध्या 'साफ' आज्ञेने डिस्कवरची सामग्री पुसली जात नाही. कुठला भाग कुठे सुरू होतो ते सांगणारा तक्ता तेवढा नष्ट होतो. पुस्तकाची अनुक्रमणिका फाडावी आणि पाने तशीच राहावीत, तसे ते असते. मात्र पुढच्या आज्ञा दिल्या गेल्या असत्या, तर त्या पानांवर नवे लिहिले गेले असते. संपूर्ण आज्ञावली चालवली असती, तर तीस-चाळीस सेकंदांत नवे भाग पडून त्यांच्यावर इमेज उतरू लागली असती.

त्या डिस्कवर एका विद्यार्थ्याच्या प्रकल्पाची मोजमापे होती. त्याने स्वस्तातल्या संवेदकांनी ग्वारीघाटाजवळ नर्मदेच्या पाण्याचा गढूळपणा जुलै ते सप्टेंबर दर १५ मिनिटांनी नोंदवला होता. कार्यक्रम पुन्हा लिहिता येतो, अहवाल पुन्हा लिहिता येतो. पण त्या पावसाळ्यातली नदी पुन्हा मोजता येत नाही. त्याच्याकडे दुसरी प्रत होती की नाही, हे तिला ठाऊक नव्हते.

डिस्क परत मिळवण्याचा प्रयत्न आधी करावा आणि यश आले तर काहीच बोलू नये, असा विचार तिच्या मनात येऊन गेला. फलकावर तिची सही होती. तिने फोन उचलला आणि त्या विद्यार्थ्याला सांगितले, की तुझी डिस्क माझ्या हातून पुसली गेली आहे, सामग्री परत येण्याची बरीच आशा आहे, पण खात्री नाही; तुला यायचे असेल तर ये.

तो अर्ध्या तासात आला. दुसरी प्रत नव्हती.

डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली. मूळ डिस्कवर काहीही करायचे नाही, हा पहिला नियम. तिची बाइटगणिक हुबेहूब प्रत एका रिकाम्या डिस्कवर काढायला जवळपास तीन तास लागले. त्या तीन तासांत दोघे फारसे बोलले नाहीत. मग टेस्टडिस्क या मुक्त प्रणालीने त्या प्रतीवर शोध सुरू केला. प्रत्येक विभागाच्या प्रारंभी त्याची ओळख सांगणारी काही ठरावीक चिन्हे असतात. तक्ता गेला तरी ती जागच्या जागी राहतात. ती सापडली. विभाग दिसला, त्यात फोल्डर दिसले, फोल्डरात जुलै होता, ऑगस्ट होता, सप्टेंबर होता. विद्यार्थ्याने मधल्या दोन-चार फाइली उघडून आकडे पाहिले. मग त्याने खिशातून पेन ड्राइव्ह काढला आणि विचारले, "मॅडम, एक कॉपी इसमें भी?"

"दो जगह रखना," ती म्हणाली.

सोमवारी तिने विंडोज पीईत व्हीएमडीचा ड्रायव्हर घातला. दोन्ही डिस्क दिसू लागल्या. खरा बदल मात्र तिने आज्ञावलीत केला. डिस्कचा क्रमांक हे तिचे नाव नसते. तो त्या वेळी यंत्राला ती कितवी दिसली एवढेच सांगतो आणि पुढच्या वेळी बदलू शकतो. म्हणून आता आज्ञावली क्रमांकावर भरवसा ठेवत नव्हती. ती डिस्कच्या जोडणीचा प्रकार पाही, आकार पाही, त्या संगणकात किती डिस्क असायला हव्यात ते पडताळी, आणि एकही गोष्ट जुळली नाही तर काहीही न पुसता थांबे. तोवर तिच्या साऱ्या दुरुस्त्या काम पुढे ढकलण्यासाठी होत्या. थांबण्यासाठी केलेली ही पहिलीच. फलकावरची सूचना तिने काढली नाही. तिच्याखाली काय घडले ते चार ओळींत लिहिले आणि पुन्हा सही केली.

परीक्षेच्या दिवशी ४० संगणक सुरू होते. नवी प्रणाली कुणाच्या विशेष लक्षात आली नाही. प्रयोगशाळेच्या कामाची हीच पावती असते.

काम अजून संपलेले नाही. बूट होण्याच्या शिडीची पहिली पायरी म्हणजे फर्मवेअरमधली सिक्युअर बूटची तपासणी. पुढे येणाऱ्या कार्यक्रमावरची डिजिटल सही ओळखीची आहे की नाही, ते ती पाहते. त्या सह्यांमागची २०११ सालची प्रमाणपत्रे जून २०२६ पासून मुदतबाह्य होऊ लागतात आणि त्यांच्या जागी २०२३ ची यावी लागतात. तिच्या वहीत त्यासाठी एक पान राखून ठेवले आहे.

तिच्या विंडोज पीईचा पडदा आता सुरू होताच पाच ओळी लिहितो. ही इमेज कोणत्या तारखेची, नेटवर्क कार्ड दिसले का, पत्ता कोणता मिळाला, सर्व्हर भेटला का, डिस्क किती आणि कोणत्या आकाराच्या दिसल्या. संगणक अडला तर 'काय बिघडले' असे आता कुणी विचारत नाही. पाचांपैकी कितव्या ओळीपर्यंत तो पोचला, ते पाहतात. काम संपले, की तो पडदा नेहमीसारखा नाहीसा होतो आणि मागे काही उरत नाही. म्हणून सर्व्हरशेजारी वही असते, आणि तिला दोरीने पेन बांधलेले आहे.